रिकाम्या ग्लासाचा वास

१

माझी धाकटी बहीण चहाची चव घेते. हौस म्हणून नाही, पोटासाठी. चहाच्या कंपनीत तिची नोकरीच ती आहे. लांब टेबलावर पांढरे कप ओळीने मांडलेले असतात. ही चमचा घेऊन एकेका कपापाशी थांबते, सुर्रकन घोट ओढते, तोंडात खेळवते, थुंकते आणि पुढच्या कपाकडे सरकते. सवय घरीही सुटत नाही. कुणी पुढे कप ठेवला, की त्यात काही ओतायच्या आधी धाकटी तो रिकामा कप नाकाशी नेते. कपालाच साबणाचा, फडक्याचा किंवा कपाटाचा वास असला तर बिचाऱ्या चहाला उगाच बोल लागतो, असं तिचं म्हणणं. आमचे हे तिला चिडवायचे, की समोर आलेल्या प्रत्येकाचा आधी वास घेतेस म्हणूनच तुझं लग्न जमलं नाही. ती म्हणायची, भाऊजी, म्हणूनच तर वाचले.

गेल्या हिवाळ्यात तिला साधा ताप आला. चार दिवसांत उतरला, पण जाताना वास घेऊन गेला.

माझं औषधांचं दुकान आहे, त्यामुळे घरात डॉक्टरपेक्षा माझा शब्द जास्त चालतो. मी छातीठोकपणे सांगितलं, की महिनाभरात येईल परत. महिना गेला, दुसरा गेला, उन्हाळाही गेला. एकदा तिच्या गॅसवर दूध जळून भांड्याचा कोळसा झाला, आणि शेजारच्या बाईंनी दार ठोठावेपर्यंत ही बाहेरच्या खोलीत पुस्तक वाचत बसली होती. जेवायला बसली की कापूस चावावा तशी जेवायची. हसायची, पण आम्ही हसलो की मग. तिच्याबद्दल मला भीती वाटायला लागली होती.

कंपनी तिच्याशी चांगलीच वागली. तिला तात्पुरतं टेलिफोनवर बसवलं, पगार कापला नाही. पण नवा हंगाम तोंडावर आला होता, आणि येत्या सोमवारी तिच्यापुढे एकदा कपांची ओळ मांडायची असं ठरलं होतं. कप ओळखले तर जागा तिची, नाहीतर टेलिफोन कायमचा. धाकटीला दुसरं काही येत नाही असं नाही. तिला दुसरं काही व्हायचंच नव्हतं.

नाकाच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, की नाकाला तालीम द्या, वेगवेगळे वास हुंगवा. आमचे हे इमारतींच्या लिफ्ट तपासतात. अडकलेली कुठलीही वस्तू चार वेळा वरखाली केली की चालू लागते, यावर त्यांचा देवापेक्षा जास्त विश्वास. त्यांनीच डोकं चालवलं. शहराबाहेर द्राक्षमळ्यांमधून जाणारा एक रस्ता आहे, त्याच्या कडेने ओळीने वाइनरी आहेत. प्रत्येकीत चव घ्यायची खोली असते, आणि प्रत्येक बाटलीचा वास निराळा. शनिवारी दिवसभर हिंडू, म्हणाले. मी गाडी चालवतो, तुम्ही दोघी प्या. एवढं औदार्य त्यांनी आमच्या लग्नातही दाखवलं नव्हतं.

२

पहिल्या वाइनरीत काही झालं नाही. उजेडाची मोठी खोली, लाकडी काउंटर, काउंटरवर थुंकायला पितळी भांडं. ओतणारा माणूस बोलघेवडा होता. यात जर्दाळू आहे, यात ओला दगड आहे, यात तंबाखूचं पान आहे, असं तो प्रत्येक ग्लासाला सांगायचा, आणि धाकटी आज्ञाधारकपणे हुंगून मान हलवायची. नाही. नाही. नाही. मलाही खरं तर ओल्या पुठ्ठ्यापलीकडे काही कळत नव्हतं. तरी मी जर्दाळू आहे बाई, असं दोनदा म्हटलं. तिने माझ्याकडे बघितलं आणि ती हसली. माझं खोटं तिला लहानपणापासून कळतं.

दुसरी वाइनरी म्हणजे एक लांब, थंड दालन होतं. भिंतीशी पिंपं रचलेली, मधोमध टेबल. इथला ओतणारा म्हातारा होता आणि त्याला बोलायचा कंटाळा होता. तो कपाटातून ग्लास काढायचा, फडक्याने पुसायचा, ठेवायचा. शेवटच्या वाइनसाठी त्याने नवे ग्लास मांडले आणि बाटली आणायला मागे गेला. मी खिडकीतून छाटलेल्या वेलींकडे बघत होते. तेवढ्यात धाकटीने माझा दंड धरला.

"ताई, काहीतरी आलं."

मी विचारलं, काय आलं. तिने डोळे मिटले होते. उबदार काहीतरी आहे, म्हणाली, उन्हात वाळलेले कपडे घडी करून ठेवतात ना, तसं. म्हाताऱ्याने लाल वाइन ओतली. तिने पुन्हा नाक नेलं आणि गेलं म्हणाली, पण ते ती इतक्या आनंदाने म्हणाली, की गेल्याचं कुणाला वाटलंच नाही. ह्यांनी म्हाताऱ्याचा हात हातात घेऊन हलवला. मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडला आणि पोटभर रडून घेतलं. आठ-नऊ महिने मी दुकानात उभं राहून लोकांना खोकल्याची औषधं दिली होती आणि मनात फक्त तिचं नाक होतं.

वास आला तेव्हा तिच्या ग्लासात काही नव्हतं, हे त्या गडबडीत माझ्या लक्षात आलं नाही.

३

ते लक्षात आलं तिसऱ्या वाइनरीत. टेकाडावर काचेची खोली होती, खाली मळ्यांच्या उघड्याबोडक्या ओळी दिसत होत्या. ओतणारी मुलगी नम्र होती, प्रत्येक वाइनची जन्मकथा सांगायची. धाकटी ती ऐकत होती, पण तिचे हात ऐकत नव्हते. मुलीने ग्लास ठेवला रे ठेवला, की ही तो उचलून नाकाशी धरायची आणि तशीच राहायची. वाइन ओतायला मुलीला बाटली हातात धरून थांबावं लागायचं. ओतल्यावर धाकटी शिष्टाचारापुरता एक घोट घ्यायची आणि पुढच्या रिकाम्या ग्लासाची वाट बघायची.

तिने सांगितलं, की पेन्सिलीला टोक केल्यावर भुसा पडतो, तो आहे. लोकर आहे, किंचित ओली. आणि मघाचं ते ऊन आहेच, पण आता ते जवळ आलंय.

मी तिच्या हातातून ग्लास घेतला आणि हुंगला. धुतलेल्या काचेचा वास, बस.

मी अशा गोष्टींनी गांगरणारी बाई नाही. दिवसातून दहा माणसं माझ्या काउंटरवर येऊन गोळीने आपल्याला काय काय दिसतं ते सांगतात, आणि दहातल्या नऊंना मी पाणी प्या म्हणून परत पाठवते. गेलेला वास परत येतो तेव्हा आधी वेडावाकडा येतो, हे मी वाचलेलं होतं. कुणाला कॉफीत रबर येतं, कुणाला कुठेच नसलेला धूर येतो. नस जुळत असते, जुळताना ठिणग्या उडवते. तेव्हा रिकाम्या ग्लासात लोकर येण्यात विशेष काही नव्हतं, उलट ही सुधारणेची खूण होती. मी ह्यांना तसं समजावून सांगितलं आणि समजावता समजावता मलाही बरं वाटलं.

त्या मुलीने मात्र धाकटीचं बोलणं ऐकून बाटलीला बूच लावलं. अजून दोन वाइन बाकी होत्या.

ते इथे मिळणार नाही, ती म्हणाली. रस्ता संपतो तिथे जुनी जागा आहे, तिथे विचारा.

काय मिळणार नाही, असं ह्यांनी विचारलं. तिने ग्लास पुसायला घेतले. गाडीत बसल्यावर हे म्हणाले, की यांचं एकमेकांत साटंलोटं असणार, गिऱ्हाईक पुढे ढकलायचं आणि वर चहापाणी घ्यायचं. धाकटीने त्या मुलीकडून एक ग्लास मागून घेतला होता. तो तिच्या मांडीवर होता.

४

रस्ता अरुंद होत गेला. दोन्ही बाजूंना छाटलेले वेल, तारांना बांधलेले. ऊन स्वच्छ होतं, पण ऊब नव्हती. ह्यांनी गाडी कडेला घेऊन संत्रं सोललं आणि एक फोड धाकटीच्या नाकासमोर धरली. तिला काही येईना. मी साल तिच्या बोटांवर पिळली, तरी नाही. मग तिने ग्लास उचलला आणि तिचा चेहरा सैलावला.

"खोली आहे, ताई."

मागच्या सीटवरून ती सांगत गेली आणि आम्ही पुढे ऐकत राहिलो. लहान खोली आहे. भिंतींना नुकताच चुना दिलाय. लोखंडी खाट आहे, लोखंडाचा वास थंड असतो, तो कळतो. खिडकी नसावी, कारण हवा तीच ती आहे. आणि आत माणूस आहे. बाई आहे. स्वच्छ आहे हो, आजारी वगैरे नाही, पण पुष्कळ वेळ बसून आहे. पेन्सिलीचा वास तिचाच. लोकर तिच्याच अंगावरची.

हे गुणगुणत होते ते थांबले. मी विचारलं, घाबरवणारा वास आहे का. ती म्हणाली, छे, उलट चांगला आहे. आजपर्यंत इतका चांगला वास आपण कधी घेतला नाही, आणि तरी तो आपल्याला ओळखीचा का वाटत नाही तेच कळत नाही.

मला मात्र तो ओळखीचा होता.

आम्ही दोघी एका पलंगावर वाढलो. माझं लग्न होईपर्यंत रोज रात्री तिचं डोकं माझ्या हनुवटीखाली असायचं. उन्हातले कपडे, पेन्सिलीचा भुसा, जराशी ओली लोकर. हा वास मी डोळे बांधून हजारात ओळखीन. तो माझ्या बहिणीचा वास आहे. तिला तो माहीत नसणार हे उघड होतं, स्वतःचा वास स्वतःला येत नसतो.

मी ते तिला सांगितलं नाही. मनाशी म्हटलं, बरोबरच आहे, अंगाच्या सगळ्यात जवळचा वास सगळ्यात आधी परत येत असेल. नाक आधी घरातच चाचपडणार, मग बाहेर पडणार. चुना, खाट आणि बिनखिडकीची खोली यांचा मेळ त्यात बसत नव्हता, पण कल्पनेला कोण लगाम घालतो. हे हळूच म्हणाले, परत फिरू या का, आजच्यापुरती तालीम पुष्कळ झाली. खरं सांगायचं तर मलाही फिरावंसं वाटत होतं. पण सोमवार डोळ्यांपुढे होता. रिकाम्या ग्लासात बाई हुंगणाऱ्या मुलीला कंपनी कप थोडेच देणार होती. मी म्हटलं, एवढं आलोय तर एक जागा राहिली कशाला.

५

जुनी जागा ठेंगणी होती, दगडी, बाहेर फरसबंद अंगण. चव घ्यायची खोली चार पायऱ्या उतरून होती. खिडक्या छताला लागून, त्यामुळे उजेड वरून यायचा आणि टेबलापर्यंत येता येता दमायचा. भिंतीशी पिंपं होती. कुठल्यातरी पिंपाखालच्या थाळीत ठिबक पडत होती, सावकाश. तिचा आवाज थांबला असं वाटलं की पुढचा थेंब पडायचा.

काउंटरमागे माझ्याच वयाची एक बाई होती, कमरेला एप्रन. तिने आम्हाला काय हवं ते विचारलं नाही. तीन ग्लास मांडले आणि हात पुसत उभी राहिली. बाटली कुठे दिसत नव्हती.

"आधी रिकामाच घ्या," ती म्हणाली.

ह्यांनी माझ्याकडे बघितलं. धाकटीने मात्र ग्लास केव्हाच उचलला होता. तिने एकदाच श्वास आत घेतला, ग्लास खाली ठेवला आणि खोलीच्या मागच्या अंगाला एक दार होतं, त्या दाराकडे ती चालू लागली. अंधारात पाय चाचपडत टाकावा तसा तिने टाकला नाही. घरातल्या घरात एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जावं, तशी ती गेली. मी उठले, तर एप्रनवाल्या बाईने टेबलावर तळवा टेकला. एकेकट्यानेच जायचं असतं, म्हणाली, नाहीतर दोघांचे वास मिसळतात.

हे मला पटण्यासारखं होतं, हीच तर गंमत. चव घेणाऱ्यांचे असे शंभर नेम असतात. अत्तर लावून यायचं नाही, आधी काही खायचं नाही, टेबलाशी बोलायचं नाही. धाकटीच्या तोंडून मी ते वर्षानुवर्षं ऐकलेले. म्हणून मी खाली बसले. हे, तळघरात आपल्याला गुदमरतं असं सांगून, अंगणात गेले.

दारामागे तिची पावलं ऐकू आली, मग कडीचा आवाज, मग नुसती ठिबक. मी भिंतीकडे बघत राहिले. बाई ग्लास पुसत होती. मी तिला विचारलं, आत काय आहे. खोली आहे, ती म्हणाली. मी विचारलं, कुणाची. येईल त्याची, असं म्हणून तिने पुसलेला ग्लास उजेडाकडे धरला आणि त्यात काही राहिलंय का ते पाहिलं.

मी आता आत जावं का, जावं तर कुठल्या तोंडाने, असा विचार करत होते तोच दार उघडलं आणि धाकटी बाहेर आली.

६

तिच्या चेहऱ्यावरूनच कळलं. गाल तापले होते, डोळे भरले होते. ती सरळ पिंपापाशी गेली आणि लाकडाला नाक लावलं. ओकचं लाकूड, म्हणाली, आणि आत जुनं जांभळं फळ, आणि इथे कुणीतरी राळ लावलीय. ठिबकणाऱ्या थाळीवर वाकली. माझी पर्स उघडून तिच्यात नाक घातलं आणि तिच्यातल्या तीन औषधांची नावं बरोबर सांगितली, त्यातलं एक तर मी स्वतःच विसरले होते.

"ताई, सगळं आलं. सगळंच्या सगळं."

मी तिला मिठी मारली. तिचा निळा स्वेटर माझ्या तोंडावर होता आणि मी त्यात हुंदके देत होते. एवढं सुख मला स्वतःच्या लग्नात झालं नव्हतं, दुकान उघडलं त्या दिवशीही नाही. सोमवार गेला खड्ड्यात, असं मी म्हणाले, आणि ती हसली, आणि म्हणाली, खड्ड्यात कशाला, येऊ दे ना.

रडं ओसरलं तेव्हा मी तशीच तिच्या खांद्यावर डोकं ठेवून श्वास घेत होते. आणि मला काही येत नव्हतं.

मी पुन्हा घेतला. लोकर नाही, केस नाहीत. दिवसभर गाडीत बसलेल्या, आता घामेजलेल्या माणसाच्या मानेजवळ माझं नाक होतं आणि तिथे खिडकीच्या काचेला नाक लावावं इतकंच काही होतं. मी आपला हात हुंगला. साबण आणि संत्र्याची साल, दोन्ही चोख. पुन्हा तिचे केस हुंगले. काही नाही.

धाकटी धावत पायऱ्या चढून अंगणात गेली. वरून तिचा आवाज येत होता, भाऊजी, तुम्ही सिगारेट सोडलीत ना, मग खिशात काय आहे, आणि पाठोपाठ ह्यांचं हसणं. मी एकटी उभी राहून स्वतःला समजावत होते. सकाळपासून इतक्या वाइन हुंगल्यात, नाक दमलंय. चव घेणाऱ्यांचं दमतं, तर माझ्या नाकाची काय कथा. पण नाक दमलं तर संत्रं कसं आलं? त्या बाईचे आभार मानून येते, असं मी पायऱ्यांवरून ओरडून सांगितलं आणि मागे वळले.

७

बाई काउंटरमागे नव्हती. ग्लास उचललेले होते, टेबल कोरडं केलेलं. मागचं दार अर्धवट उघडं होतं. आणि त्या फटीतून, कुणी हाक मारावी इतका स्पष्ट, तो वास येत होता. ऊन, भुसा, लोकर. माझे पाय आपोआप निघाले.

दारामागे बोळ होता, डाव्या भिंतीला चुन्याचा ताजा हात. माझ्या बाहीला तो पांढरा लागला. बोळाच्या टोकाला दुसरं दार, बाहेरून कडी घातलेलं. मी त्याच्यासमोर उभी राहिले. इथून पुढे मी काय मानायचं आणि काय नाही, ते मला ठरवता येईना.

"ताई, आहेस ना?" आतून आवाज आला. "अजून काहीच येत नाहीये गं."

घाबरलेला नव्हता तो आवाज. थोडा कंटाळलेला, आणि माझ्यासाठी उगाच उमेद धरून ठेवलेला. गेले नऊ महिने रोज संध्याकाळी फोनवर मी तोच ऐकत आले होते.

माझ्या खांद्यावर हात पडला. धाकटी मागे उभी होती, निळ्या स्वेटरमध्ये, पायऱ्या उतरून आल्यामुळे धापा टाकत. हात उबदार होता. तिने दाराकडे बघितलं नाही.

"राहू दे ना, ताई," ती म्हणाली. "सोमवारी मी सगळे कप बरोबर ओळखीन. भाऊजी खूश आहेत. तुला हेच हवं होतं."

तिने ते धमकावून म्हटलं नाही, लबाडीनेही नाही. माझी समजूत घालताना धाकटी जशी मान कलती करते तशीच करून, मायेने म्हटलं. आणि ते खरं होतं. मला हेच हवं होतं. नऊ महिने मी दुसरं काही मागितलं नव्हतं. बरी झालेली, हसणारी, सोमवारी मान वर करून कामाला जाणारी बहीण माझ्यापाशी उभी होती. तिचा हात धरून वर जायचं, गाडीत बसायचं, की झालं. कुणाला काही कळलं नसतं. कदाचित वर्षभरात मलाही आठवलं नसतं.

 आतली वाट बघत होती. आग्रह करणं तिच्या स्वभावात नाही.

मी कडी काढली.

खोली लहान होती. चुन्याच्या भिंती, लोखंडी खाट, खिडकी नाही. बोळातला जेवढा उजेड माझ्याबरोबर आला तेवढाच. धाकटी खाटेवर माझ्याकडे पाठ करून बसली होती. निळा स्वेटर, मानेवर सुटलेले केस. हातात रिकामा ग्लास होता, आणि ती तो नाकाशी नेत होती, थांबत होती, खाली घेत होती आणि पुन्हा नेत होती. डॉक्टरांनी सांगितलेली तालीम करत होती बिचारी. खांदे जरा पडलेले होते. मी तिच्याजवळ जाऊन बसले, तिच्या डोक्याला नाक लावलं, आणि माझी बहीण मला सापडली.

"किती वेळ लावलास," ती म्हणाली.

मागे दार लोटल्याचा आवाज झाला, अगदी हळू. झोपलेल्या माणसाला जाग येऊ नये म्हणून कुणी लोटावं तसा. मग कडी लागली.

मी उठले नाही. भिंतीपलीकडे, वर, अंगण असणार, कारण फरशीवरची पावलं ऐकू येत होती. गाडीची दारं उघडली. आमच्या ह्यांनी विचारलं, झालं का आभारप्रदर्शन, का अजून चालूच आहे. आणि त्यांना उत्तर मिळालं. झालं हो, आता तोंड थांबवा आणि गाडी चालवा, असं एक बाई म्हणाली. आवाज माझा होता. शेवटचा शब्द मी जरा ओढते, तो तसाच ओढला होता. त्यावर हे हसले. पंचवीस वर्षं ते माझ्या बोलण्याला जसे हसतात, अगदी तसेच, मनापासून. मग दारं लागली आणि गाडी सुरू झाली.

धाकटीने मान वळवून कानोसा घेतला. अंधारात तिचा चेहरा दिसत नव्हता. मी पुन्हा तिच्या केसांत नाक खुपसलं; वास होता, पण मघापेक्षा थोडा कमी वाटला.

"कोण गं बाहेर?" तिने विचारलं.

"कुणी नाही," मी म्हटलं. "सरक जरा, मला बसू दे नीट."